सायकलची सीट सारखी खाली घसरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात जळगावला सायकल चालवायची तर पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं, आठच्या आत परतावं लागतं. त्या अडीच तासांत दर चार किलोमीटरला उतरून सीट वर ओढायची, पाना काढायचा, आवळायचं, परत बसायचं, हा उद्योग मी एक अख्खा हंगाम केला आहे. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचीही सीट घसरली की प्रश्न माझ्याकडे येतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. सीटखाली जो दांडा असतो त्याला आपल्याकडचे जुने दुकानदार सीट पिलर म्हणतात, गिअरच्या सायकलवाले सीटपोस्ट म्हणतात. मी त्याला सीटचा पाईप म्हणेन. तो ज्या नळीत जातो ती फ्रेमची नळी. नळीच्या तोंडाला उभी फट असते, आणि त्या फटीला बोल्टने किंवा खटक्याने आवळणारं कडं म्हणजे क्लॅम्प.

पाईपच घसरतोय हे नक्की कसं समजायचं?

पाईप जिथे फ्रेमच्या नळीत शिरतो तिथे, नळीच्या तोंडाला टेकवून, पाईपभोवती इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. चार-पाच किलोमीटर चालवून या. टेप नळीच्या तोंडावर गोळा झाली असेल तर पाईप घसरतोय. टेप जागेवर आहे पण बसायला खाली वाटतंय, तर दोष वरच्या बाजूला आहे: सीटचं टोक वर-खाली झुकतंय, किंवा सीट तिच्या तारांवर मागे सरकतेय. ते नट वेगळे, तिथले दातेही वेगळे. स्प्रिंगवाल्या पाईपचा तर कधी कधी स्प्रिंगच बसलेला असतो, आणि आपण उगाच खालचा बोल्ट पिळत राहतो.

आवळून आवळून थकलो, तरी उतरतेच. अजून जोर लावू का?

नको. मी लावला होता. एरंडोलहून पद्मालयला निघालो होतो, सीट तिसऱ्यांदा उतरली, चिडलो आणि किल्लीवर पाण्याचा पाईप चढवून लांब दांडी करून आवळलं. टक्कन आवाज आला. वाटलं बसलं एकदाचं. बोल्टाचे आटे गेले होते. उरलेला चढ उभ्याने पायडल मारत चढलो. गणपतीला नमस्कार करताना मांड्या थरथरत होत्या.

नंतर अमळनेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सायकल दाखवली. त्यांनी क्लॅम्पकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, पाईप उपसून बाहेर काढला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "भो, आवळीसन काय व्हई? आधी पुशी ले." बोटाला काळं, चिकट, शेवयाच्या पिठासारखं काहीतरी लागलं होतं. जुनं ग्रीस आणि आपली काळी माती.

घसरणाऱ्या दहा सीटांतल्या फार थोड्या कमी आवळल्यामुळे घसरतात. बाकीच्यांत मळ असतो, मापाचा घोळ असतो, नाहीतर बोल्टचा जोर भलतीकडे जात असतो.

जोर भलतीकडे जातो म्हणजे?

बोल्ट कोरडा, गंजलेला असेल तर किल्ली घट्ट लागते, हाताला वाटतं बस्स झालं. पण तो सगळा जोर आट्यांच्या घासण्यात आणि बोल्टच्या डोक्याखाली खर्च झालेला असतो. फट दाबायला त्यातलं थोडंच पोचतं. म्हणून ग्रीसचा थेंब आट्यांवर आणि डोक्याखाली लावायचाच. तेवढ्याने सीट थांबल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

दुसरं, फटीच्या दोन्ही बाजूंचे कान एकमेकांना टेकलेत का पाहा. टेकले असतील तर पुढचा सगळा जोर लोखंड लोखंडावर दाबण्यात जातो, पाईपला काही मिळत नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा पाईप बारीक आहे.

बरं, मग नेमकं करायचं काय, पहिल्यापासून सांगा.

क्लॅम्प सैल करा आणि पाईप पूर्ण बाहेर काढा. अर्धवट वर ओढून फडकं मारणं म्हणजे चुलीपुढे झाडून घर झाडलं म्हणण्यासारखं आहे. पाईप आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, कोरडा करा. चिकटपणा उरला तर फडक्यावर पेट्रोल किंवा थिनर घेऊन पुसा, बाहेर उघड्यावर, आणि अर्थातच विडी-काडी लांब ठेवून.

मग फ्रेमची नळी. इथेच सगळे कंटाळतात. लाकडी काठीला किंवा जुन्या बाटलीच्या ब्रशला फडकं गुंडाळून वीतभर आतपर्यंत फिरवा. फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत. पांधणीने सायकल नेणाऱ्यांच्या नळीतून मी चमचाभर माती काढली आहे. मागच्या चाकाने उडवलेला चिखल फटीतून थेट आत जातो. फट मागच्या बाजूला आणि मडगार्ड नाही, मग तर विचारायलाच नको. आत रंगाचे ओघळ असले तर बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून काढा. नळीच्या तोंडाची धार बोटाला बोचत असेल तर तीही कानशीने हलकी मारा, नाहीतर पाईपवर उभे ओरखडे पडत राहतात.

आता क्लॅम्प. तो नळीवर पूर्ण खालपर्यंत, सरळ बसलाय का? तिरका बसलेला क्लॅम्प एकाच कडेने धरतो. बोल्ट काढा, आटे पुसा, ग्रीसचा थेंब द्या. पाईप आत सोडा, उंची धरा, आवळा. सीटवर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दणके द्या. मग टेप लावून चक्कर मारून या.

निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथे संपतं. ज्यांचं संपत नाही त्यांनी मापाच्या प्रश्नाकडे जावं.

पाईपला ग्रीस लावायचं की नाही? एक म्हणतो लाव, दुसरा म्हणतो लावलंस म्हणून घसरतेय.

दोघंही बरोबर आहेत. लोखंडी फ्रेम, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाईप असेल तर ग्रीसचा अगदी पातळ हात हवा. नाहीतर पावसाळ्यात पाणी आत जातं, गंज धरतो आणि पाईप कायमचा अडकतो. पण पातळ म्हणजे लावून परत पुसून काढल्यावर जे उरतं तेवढंच. आपल्याकडे बैलगाडीच्या वंगणासारखं थापतात. माप बरोबर असेल तर पातळ ग्रीस असूनही पाईप घसरत नाही. तेवढ्यानेही घसरत असेल तर माप तपासा.

किती आवळायचं? दुकानदार म्हणतो "हाताच्या अंदाजाने".

दुकानदाराच्या हाताला चाळीस वर्षांचा अंदाज आहे, आपल्याला नाही. ॲल्युमिनियमच्या बहुतेक क्लॅम्पना ५ ते ७ न्यूटन-मीटर पुरतं. आकडा बऱ्याचदा क्लॅम्पवरच कोरलेला असतो. टॉर्कचा पाना घरी नसतो, पण हुकाचा स्प्रिंग काटा शेतकऱ्याच्या घरात असतोच. एल आकाराच्या किल्लीला बोल्टपासून १० सेंटीमीटरवर काट्याचा हुक अडकवा आणि किल्लीला काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की साधारण ५ न्यूटन-मीटर झाले. दोन-तीनदा असं केलं की हाताला कळायला लागतं.

माझ्या सायकलला बोल्ट नाही, खटका आहे. तो पूर्ण दाबला तरी सीट उतरते.

खटका दाबणं आणि खटक्याने आवळणं यात फरक आहे. खटका बाहेरच्या बाजूला सरळ उभा असताना, म्हणजे अर्ध्या वाटेवर, त्याला जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. आणि पूर्ण बंद झाल्यावर तळहातावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. सहज मिटत असेल तर उघडा, समोरचा नट अर्धा फेरा फिरवा, परत मिटवा. काहीजण खटकाच बोल्टसारखा गरागरा फिरवतात. त्याने काही होत नाही.

खटक्याच्या बुडाशी एक अर्धगोल वॉशर असतो, पितळी किंवा प्लॅस्टिकचा. धुळीने तो खरवडतो, मग खटका करकरतो, जड लागतो आणि आवळत मात्र नाही. पुसून तेलाचा थेंब द्या. प्लॅस्टिक चेपलं असेल तर क्लॅम्प बदला. माझं विचाराल तर खटका काढून साधा बोल्टचा क्लॅम्प लावावा. रोज सीट वर-खाली कोण करतं? शिवाय बस स्टँडबाहेर लावलेल्या सायकलची सीट कुणी खटका उघडून घेऊन जात नाही. घेताना फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास बघा: २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलीमीटर ही नेहमीची मापं.

मापाचा घोळ म्हणजे काय? पाईप आत तर बसतोय.

बसतोय हीच तर अडचण. सीटचे पाईप ०.२ मिलीमीटरच्या फरकाने वेगवेगळे बनतात: २६.८, २७, २७.२ असे. २७.२ च्या फ्रेममध्ये २७ चा पाईप आरामात उतरतो, दिसायलाही तसाच, आणि मग जन्मभर घसरतो. गिअरच्या सायकलींत २७.२, ३०.९ आणि ३१.६ जास्त दिसतात, लहान मुलांच्या आणि साध्या सायकलींत २५.४. आधीच्या मालकाने किंवा घाईतल्या दुकानदाराने "चालून जाईल" म्हणून जवळचा पाईप घातलेला असतो, त्यामुळे जुनी सायकल घेतलेल्यांनी हे आधी तपासावं.

पाईपच्या खालच्या टोकाला किंवा उंचीच्या खुणेजवळ माप कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे जा. त्याच्या व्हर्निअरला दहा सेकंद लागतात. चहासुद्धा पाजावा लागत नाही. दोऱ्याने घेर मोजूनही मोठा फरक कळतो. २५.४ चा घेर सुमारे ८० मिलीमीटर येतो, २७.२ चा साडेपंच्याऐंशी. पण ०.२ चा फरक दोऱ्याने पकडता येणार नाही.

फ्रेमच्या नळीचं आतलं माप तोंडाशी घेऊ नका. आवळून आवळून तोंड आत दबलेलं असतं. थोडं खाली, फटीच्या खालच्या भागात घ्यावं लागतं.

त्या मापाचा पाईप जळगाव-धुळ्यात मिळाला नाही तर?

मिळेपर्यंत थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा डबा. थट्टा नाही. त्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतो. पाईपभोवती एक वेढा म्हणजे दोन्ही बाजू मिळून ०.२, म्हणजे नेमका एका मापाचा फरक. जणू याच कामासाठी केलाय.

कात्रीने डब्याचं वरचं आणि खालचं बूड काढा. हात जपा, त्याची कड ब्लेडसारखी असते. आठ-दहा सेंटीमीटर उंचीची पट्टी घ्या. रुंदी पाईपच्या घेराहून दोन-तीन मिलीमीटर कमी ठेवा, कारण टोकं एकमेकांवर चढली तर तिथेच फुगवटा येतो. वरची अर्धा सेंटीमीटर कड बारीक कापे देऊन बाहेर दुमडा, म्हणजे पट्टी आत पडणार नाही. पट्टीचा जोड फ्रेमच्या फटीसमोर आणा. पाईप थोडा दाबून, फिरवत आत गेला पाहिजे.

दोन वेढ्यांच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त फरक असेल तर विकतचा नळकांडीसारखा शिम किंवा योग्य पाईपच हवा.

आणि जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घालू नका. ती सगळेच घालतात, मीही घातली आहे. आठवडाभर छान धरते, मग रबर हळूहळू चेपत आणि सरकत जातं, उन्हात चिघळतं, आणि नळीत डिंक सांडल्यासारखं होतं.

उन्हाळ्यात जास्त घसरते असं वाटतं. भुसावळच्या ४५ अंशांत लोखंड फुगून सैल होतं का?

गंमत अशी की उलट होतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे लोखंडी फ्रेममधला ॲल्युमिनियमचा पाईप उन्हात थोडा घट्टच व्हायला हवा. तोही किती? २५ अंशांच्या फरकाला दोघांच्या व्यासात एका मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. दोन्ही एकाच धातूचे असतील तर तेवढाही नाही.

मग वाटतं का? कारण ग्रीस. तापल्यावर ते पातळ होतं. हिवाळ्यात जे चिकटून धरत होतं ते वैशाखात तेलासारखं वागतं. उन्हाला दोष देण्याआधी पाईप पुसून बघा.

वडिलांची जुनी काळी सायकल आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, पाईपला आरपार भोक पाडून बोल्ट टाकतो, पुन्हा हलणार नाही.

खरंच हलणार नाही. आमच्या काकांची अशी सायकल कित्येक वर्षं कापसाच्या शेतात ये-जा करत होती. पण सीटच्या पाईपवर सगळ्यात जास्त वाकण्याचा ताण नळीच्या तोंडाशीच येतो, आणि भोकही नेमकं तिथेच पाडतात. जाड लोखंडी पाईप ते सहन करतो, ॲल्युमिनियमचा तिथून तुटतो, आणि तुटतो तेव्हा खालचा धारदार तुकडा तुमच्याकडेच तोंड करून असतो. पुढे काय ते लिहीत नाही. वेल्डिंगने पाईप कायमचा जोडून घेणं हाही मूर्खपणा. सायकल पुढे मुलाला द्यायची असते.

काळ्या सायकलीला सहसा दोनच गोष्टी लागतात. एक, नवा सीट बोल्ट. जुना वाकलेला असतो, त्याचे आटे ताणलेले असतात, पण "बोल्ट तर आहे की" म्हणून कुणी बदलत नाही. दोन, पाईपचं क्रोम घासून आरसा झालेलं असेल तर क्लॅम्पच्या पट्ट्यातल्या तेवढ्याच भागावर १२० नंबरचा पॉलिश पेपर पाईपभोवती गोल फिरवा. उभा घासू नका, उभ्या रेघा घसरगुंडी होतात. गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बोटभर लावली तरी पकड येते. ती धातूवर ओरखडे पाडते, म्हणून जुन्या लोखंडालाच. क्रोम गेलेल्या जागी गंज येतो, तेव्हा मधूनमधून बघत राहा.

मागे कॅरिअरवर केळीचा घड नेतो. त्या वजनाने सीट उतरते का?

कॅरिअरचं वजन मागच्या चाकाच्या एक्सलकडे जातं, सीटच्या पाईपवर येत नाही. पण कॅरिअर वरून कुठे बांधलाय ते बघा. रावेर-यावलकडे मी पाहिलेल्या बऱ्याच सायकलींत कॅरिअरची पट्टी थेट सीटच्या बोल्टमध्येच अडकवलेली होती. खड्ड्यात घड उसळला की पट्टी बोल्टला हिसका देते, नट हळूहळू सैल होतो. शिवाय पट्टीच्या जाडीमुळे नटाला आटे कमी मिळतात. कॅरिअरला वेगळी जागा द्या, किंवा लांब बोल्ट आणि नायलॉनचा लॉकनट घ्या.

मुलीला शाळेसाठी मिळालेली सायकल आहे. आठवीत घेतली, आता दहावीत आहे, सीट वर केली की घसरते आणि डुगडुगते.

डुगडुगते म्हटलंत म्हणून लगेच पाईप काढून बघा. त्यावर आडव्या रेघांची खूण असते. ती खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे, बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर पाईपच्या जाडीच्या किमान अडीचपट भाग आत हवा, म्हणजे २५.४ च्या पाईपला साडेसहा सेंटीमीटर. मी तर आठच्या खाली जाऊ देत नाही. कमी भाग आत असेल तर पाईप तरफेसारखा नळीचं तोंड फाकवतो, मग घसरतो, आणि एखाद्या दिवशी नळीच फाटते.

मुलगी उंच झाली आहे, इतकंच. त्याच जाडीचा लांब पाईप आणा. जुना पाईप काढून दुकानात सोबत न्या, मापाचा वाद होत नाही.

कार्बनचा पाईप असेल तर?

ग्रीस अजिबात नाही, पॉलिश पेपर नाही, डब्याचा पत्रा नाही. कार्बनसाठी बारीक कणांची वेगळी पेस्ट मिळते, ती लावायची आणि क्लॅम्पवर लिहिलेल्या आकड्यापुढे जायचं नाही. ओरखडा खोल असेल तर पाईप बदला.

चाळीसगावहून पाटणादेवीला निघालो आणि मध्येच सीट बसली. जवळ काही नाही.

पाण्याच्या मोटारीच्या पाईपला लावतात ती स्क्रूची होज क्लिप कुठल्याही गावात शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळते. ठिबकच्या मुलखात तरी नक्कीच. सीट हव्या उंचीला धरा, क्लॅम्पच्या लगेच वर पाईपभोवती ती क्लिप आवळा. पाईप खाली सरकायला गेला की क्लिप क्लॅम्पवर अडते. घरी पोचण्यापुरतं आहे, तीच कायमची ठेवू नका. कार्बनवर तर लावूच नका.

माझं उलट आहे. पाईप अडकलाय, हलतच नाही.

मग हा लेख तुमच्यासाठी नव्हता, पण थोडक्यात: बोल्ट पूर्ण काढा, फटीतून गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, सीट धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. वर ओढण्यापेक्षा फिरवणं जास्त उपयोगी. दोन-तीन दिवसांत सुटला नाही तर मिस्त्रीकडे द्या.

फटीच्या खालच्या टोकाला केसासारखी रेघ दिसतेय.

रंगाची आहे की धातूची ते नखाने बघा. नख अडकलं तर ती चीर आहे. चालवणं थांबवा. लोखंडी फ्रेम असेल तर चांगला वेल्डर चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडून पितळेने भरून देतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला साध्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. तापवल्यावर आजूबाजूचा धातू मऊ पडतो.

एखादा सेंटीमीटर उतरते. एवढं मनावर घ्यायला हवं का?

गुडघ्याला विचारा. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, आणि चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहिला पाहिजे. सीट खाली गेली की गुडघा जास्त वाकून जोर लावतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. सेंटीमीटरने रोज जाणवत नाही, पण पन्नास किलोमीटर गेलात तर जाणवतं.

एकदा बसलं की परत कधी बघायचं?

खंडेनवमीला सायकल धुऊन झेंडूचा हार घालताच ना? त्याच्या आदल्या दिवशी पाईप काढा, पावसाळ्यात आत गेलेला चिखल पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. काढण्याआधी नळीच्या तोंडाशी पाईपवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा. परत बसवताना उंची शोधत बसावं लागत नाही, आणि पुढे सीट केसभर जरी उतरली तरी रेघ नळीत गेलेली दिसते. आमच्याकडे ती रेघ लाल आहे. बाटली कुठे गेली म्हणून बायको अजून विचारते.